उभ्या गाडीचे मिसिंग

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा. वाटेत आरे-वारे लागते. डोंगराच्या दोन अंगांना दोन किनारे, खाली सुरूचे बन आणि माथ्यावर समुद्राकडे तोंड करून थांबायची जागा. सुट्टीच्या दिवशी तिथे एमएच-१२, एमएच-१४, एमएच-०९ अशा पाट्यांच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. त्यांतल्या काही दिसतात तितक्या साध्या नसतात. बॉनेटखाली टर्बो, त्यावर बदललेला मॅप (म्हणजे इंजिनाच्या संगणकातला हिशेब), मोठा डाउनपाइप, निळ्या सिलिकॉनच्या नळ्या. आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा रस्ता त्यांनी मजेत कापलेला असतो. माथ्यावर एसी चालू ठेवून उभ्या राहिल्या की मात्र काहींचा सूर बिघडतो. आरपीएमचा काटा साडेसातशेच्या आसपास लटपटतो, स्टिअरिंग थरथरते, सायलेन्सरचा आवाज मध्येच अडखळतो. फिटरच्या भाषेत, गाडी मिसिंग मारते.

पळताना खणखणीत आणि उभी राहिली की बेजार, हे कोडे हौशी मालकांना छळते तितकेच त्यांच्या फिटरलाही. उपायांची वाट ठरलेली असते. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई, आणि काहीच जमले नाही की ‘मॅपमध्येच गडबड आहे’ म्हणून हात झटकायचे. पैसे जातात, मिसिंग राहते. कारण मॉडिफाय केलेल्या गाडीत एखादा भाग खराब असण्यापेक्षा बदललेले भाग आणि इंजिनाचा संगणक यांचे आपसात न जुळणे हेच दुखणे बऱ्याचदा असते. एकेक भाग काढून तपासला तर तो चांगलाच निघतो.

शेंद्रा, चाकण, रांजणगाव, नाशिक

भारतातल्या टर्बो-पेट्रोल गाड्यांचा बराचसा इतिहास महाराष्ट्रातल्या कारखान्यांभोवती फिरतो. ‘टर्बो’ म्हणजे डिझेल असाच समज होता, त्या काळात, २००४ साली, शेंद्र्याला कारखाना असलेल्या स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली. १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे, १५० पीएस ताकदीचे पेट्रोल इंजिन. पुढे फियाटच्या रांजणगाव कारखान्यातून लिनिया टी-जेट आली, २०१३ मध्ये चाकणहून १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय आली आणि २०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटो. या गाड्यांनी पुणे, मुंबई, कोल्हापूरकडच्या तरुणांना मॅप बदलण्याची चटक लावली. त्यानंतर टर्बो सर्वसामान्यांच्या दारात पोचला. २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची नाशिकहून निघालेली एक्सयूव्ही ३००, २०२१ ची कुशाक, अशी रांग लागली.

ही वंशावळ निदानाच्या कामाची आहे. टी-जेटमध्ये किंवा नेक्सॉनच्या १.२ लिटर इंजिनात पेट्रोल इनटेकच्या मार्गात फवारले जाते. टीएसआय इंजिनांत ते थेट सिलिंडरमध्ये जाते. पहिल्या प्रकारात इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात, दुसऱ्यात त्यांच्यावर काजळी साचते. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३०० आणि १.० टीएसआय यांना सिलिंडर तीनच. एक गळाला की एक तृतीयांश ताकद जाते आणि सगळी गाडी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत तोच बिघाड थोडा सौम्य भासतो. कुशाकच्या १.५ टीएसआयमध्ये हलक्या भाराला मधले दोन सिलिंडर इंजिन आपणहून बंद ठेवते. ते आयडलिंगला नव्हे, चालत्या गाडीत घडते; पण त्या वेळचा बदललेला आवाज ऐकून गाडी गॅरेजला नेणारेही असतात.

संगणक मिसिंग कसे ओळखतो

इंजिनाचा संगणक स्फोट पाहत नाही, क्रँकशाफ्टची चाल पाहतो. क्रँकला जोडलेल्या चाकावर बहुतेक गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर एकेका दात्याची वेळ मोजतो. पेट्रोल जळले की क्रँकला धक्का बसून तो जरासा वेग घेतो. जळले नाही की त्या टप्प्याला थोडा जास्त वेळ लागतो. साडेसातशे आरपीएमला क्रँक सेकंदाला साडेबारा फेऱ्या मारतो, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट. त्यातला नेमका कोणता चुकला ते कॅमशाफ्टच्या सेन्सरवरून कळते आणि कोड नोंदवला जातो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे कधी हा, कधी तो.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांना ही नजर सक्तीची झाली. भारतात बीएस-४ च्या काळात, २०१३ पासून, ओबीडीचा, म्हणजे गाडीतल्या स्वयंनिदान यंत्रणेचा, दुसरा टप्पा आला. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि कन्व्हर्टरच जाळते. म्हणून कन्व्हर्टरला धोका होईल इतके मिसिंग असेल तर इंजिनाचा दिवा नुसता लागत नाही, तो लुकलुकतो. लुकलुकत्या दिव्याने घाट चढणे महागात पडते.

ही पद्धत अप्रत्यक्ष असल्यामुळे ती फसतेही. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोचतात आणि संगणकाला ते मिसिंगसारखे दिसतात. म्हणून अनेक गाड्या एबीएसच्या चाक-सेन्सरवरून रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढा वेळ मोजणी थांबवतात. मॉडिफाय केलेल्या गाडीत फसवणुकीचे आणखी एक कारण तयार होते. कंपनीचे जड फ्लायव्हील काढून हलके बसवले की प्रत्येक स्फोटामागे क्रँकची चाल जास्त खालीवर होते. सगळे स्फोट नीट होत असूनही कोड येतो. अशा गाडीत प्लग बदलून काही हाती लागत नाही.

स्वीडनच्या साबने नव्वदच्या दशकात वेगळी वाट काढली होती. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगमधून सूक्ष्म वीजप्रवाह सोडायचा आणि ज्वालेतल्या आयनांवरून स्फोट झाला की नाही ते थेट पाहायचे. ते तंत्र सर्वत्र पसरले नाही. आजही बहुतेक गाड्या दातेच मोजतात.

आयडलिंगलाच का?

आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश दाब उरतो. सिलिंडरमध्ये शिरणारी हवा थोडी, तिच्यात घुसळण कमी, आणि मागच्या खेपेचा जळका वायू त्या थोड्या हवेत मोठा वाटा खाऊन बसलेला. अशा मिश्रणात ज्वाला हळू पसरते. ओल्या सरपणाच्या चुलीसारखे हे आहे : जाळ मोठा असताना सगळे खपते, आच कमी केली की धूर सुरू होतो. शिवाय आरपीएम स्थिर ठेवण्यासाठी संगणक इथे ठिणगीची वेळ थोडी मागे धरतो आणि गरजेप्रमाणे पुढेमागे करतो. चुकांना जागाच उरत नाही.

भाराखाली चित्र उलटे होते. टर्बोने दाबलेल्या दाट हवेत ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दुबळी कॉइल घाटात उघडी पडते. यावरून निदानाची पहिली मोठी विभागणी करता येते. मिसिंग फक्त चढावर, फुल रेसला येत असेल तर आधी ठिणगीकडे पाहावे. फक्त उभ्या गाडीत येत असेल तर आधी हवा आणि मिश्रणाकडे. या विभागणीला अपवाद आहेत, पण सुरुवात चुकीच्या टोकापासून होत नाही.

हवा : सर्वांत जास्त सापडणारा चोर

टर्बो गाडीत हवेचा मार्ग लांब असतो. एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलर, थ्रॉटल, मॅनिफोल्ड, आणि मध्ये जोडनळ्यांचे कितीतरी क्लॅम्प. मॉडिफाय करताना यातला जवळजवळ प्रत्येक सांधा उघडला जातो. थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला गळती असेल तर आयडलिंगच्या निर्वातामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते. फिटर म्हणतो, ‘इंजिन हवा घेतेय.’ हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत या हवेची नोंदच होत नाही, मिश्रण पातळ होते आणि स्फोट चुकतो. टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, आला की त्याच फटीतून हवा उलट बाहेर पडते, संगणकाने मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचत नाही आणि मिश्रण गडद होते. गळती एकच, लक्षणे दोन.

मॅनिफोल्डचा दाब मोजून हिशेब करणाऱ्या गाड्यांत गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे शिरलेली जास्तीची हवा दाबात दिसते आणि संगणक तिच्याबरोबर पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे मिसिंगऐवजी आरपीएम चढतो किंवा हेलकावतो. मात्र गळती एकाच सिलिंडरच्या नळीजवळ असेल तर तेवढाच सिलिंडर पातळ राहून चुकतो.

हौसेने बसवलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हा इथला नेहमीचा संशयित. पाय उचलल्यावर येणाऱ्या ‘फिस्स’ आवाजासाठी तो लावला जातो. कंपनीची रचना ही हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेते. आवाजवाला व्हॉल्व्ह ती बाहेर सोडतो. एमएएफ असलेल्या गाडीत मोजलेली हवा अशी बाहेर गेली की क्षणभर मिश्रण गडद होऊन आरपीएम कोसळतो आणि कधी गाडी बंदच पडते. त्यात व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ निघाली तर आयडलिंगच्या निर्वाताने तो किंचित उघडाच राहतो आणि न मोजलेली हवा आत घेतो. मूळ व्हॉल्व्ह परत बसवून पाहणे हा अर्ध्या तासाचा, बिनखर्चाचा प्रयोग आहे.

दुसरा संशयित क्रँककेसच्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी पीसीव्ही यंत्रणा. फोक्सवॅगन गटाच्या १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांत तिचा रबरी पडदा फाटणे हा जगभर माहीत असलेला बिघाड आहे. शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडलिंगला ऑइलचे झाकण उघडताना ते आतून घट्ट ओढलेले जाणवते. या वाफांतले तेल अडवणारा कॅच-कॅन बसवताना याच नळ्या कापल्या-जोडल्या जातात, त्यामुळे तो बसवल्यानंतर सुरू झालेले मिसिंग आधी तिथेच शोधावे.

तिसरी गळती एक्झॉस्टच्या बाजूची, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. नवा डाउनपाइप बसवताना ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गॅस्केट नीट बसले नाही तर आयडलिंगच्या ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो आणि प्लग काळे पडतात. दोष पाइपात, शिक्षा प्लगला.

गळती शोधायला धुराचे यंत्र सर्वांत चांगले. कमी दाबाचा धूर आत सोडायचा आणि तो कुठून निघतो ते पाहायचे. ते नसेल तर टर्बोच्या तोंडाला टोपण लावून, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवून हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकायचे. काही सांधे मात्र खऱ्या बूस्टच्या दाबालाच सुटतात. त्यांच्यासाठी दाब जपून तिथवर न्यावा लागतो.

ठिणगी आणि पेट्रोल

प्लगच्या बाबतीत हौशी मंडळी दोन बदल करतात. गॅप कमी करतात आणि थंड प्लग लावतात. दोन्हींमागे कारण आहे. जास्त बूस्टला ठिणगी विझू नये म्हणून गॅप कमी, प्लगचे टोक तापून वेळेआधी पेट घेऊ नये म्हणून प्लग थंड. पण दोन्हींची किंमत आयडलिंगला मोजावी लागते. अगदी बारीक गॅपमध्ये ज्वालेचे बीजच लहान पडते आणि पातळ मिश्रणात ते मरते. प्लगचे टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर गेले तरच त्यावरची काजळी जळून जाते. थंड प्लग गर्दीत रांगणाऱ्या गाडीत तेवढा तापत नाही, काळा पडतो आणि वीज काजळीवरून निसटते. क्रमांक वाचतानाही सावध राहावे लागते : एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशच्या प्लगवर नेमके उलट. फक्त मॅप बदललेल्या गाडीला दोन पायऱ्या थंड प्लग लावणे हे बहुतेकदा उसने आणलेले दुखणे असते.

कॉइल प्रत्येक प्लगच्या डोक्यावर बसू लागल्यापासून तपासणी सोपी झाली आहे. दोन नंबरची कॉइल चारला आणि चारची दोनला लावायची. पी०३०२ जाऊन पी०३०४ आला तर कॉइल दोषी. कोड जागेवरच राहिला तर कॉइलला सोडून द्यायचे. मग हेच प्लगचे, आणि जिथे सोपे असेल तिथे इंजेक्टरचे. कॉइल नाजूक असतात हे खरे. २००३ च्या सुमारास फोक्सवॅगन गटाला अमेरिकेत त्या फार मोठ्या संख्येने बदलून द्याव्या लागल्या होत्या. मात्र एक जुनी सवय सोडायला हवी. कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनात कॉइलची पिन काढली की त्या सिलिंडरचे कच्चे पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. पिन काढायचीच तर इंजेक्टरची काढावी.

पेट्रोलच्या बाजूला सर्वांत बोलके उदाहरण मोठ्या इंजेक्टरचे. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ वाया जातो आणि बॅटरीचे व्होल्टेज कमी झाले की हा वेळ वाढतो. समजा कंपनीच्या इंजेक्टरचा आयडलिंगला उपयोगी वेळ १.५ मिलिसेकंद आहे. दुप्पट क्षमतेचा इंजेक्टर लावला की तो ०.७५ वर येतो. वाया जाणाऱ्या वेळेच्या हिशेबात ०.१५ मिलिसेकंदांची चूक झाली तर पहिल्या गाडीत मिश्रण १० टक्क्यांनी बिघडते, दुसरीत २० टक्क्यांनी. एसीचा पंखा आणि दिवे चालू झाले, व्होल्टेज थोडे उतरले, की अशी गाडी अडखळू लागते. फुल रेसला हीच चूक लांब फवाऱ्यात हरवून जाते. म्हणून ‘ओढायला वाघ आहे, उभी राहिली की मरते’ ही तक्रार मोठ्या इंजेक्टरच्या गाड्यांत वारंवार ऐकू येते.

इथेनॉलचा मुद्दा आता सर्वांनाच लागू आहे. २०२५ मध्ये देशभरच्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१ आणि वीस टक्क्यांच्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेल्या मॅपला आता तेवढ्याच हवेसाठी चार टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. पण आधीच गळतीमुळे दुरुस्तीची मर्यादा गाठलेल्या गाडीत तेवढाच भार पुरतो. इथेनॉल पाणी धरून ठेवते, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या टाकीने पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत जुने पेट्रोलही संशयाच्या यादीत येते.

टाकी भरल्यानंतर लगेच पाच मिनिटे मिसिंग येत असेल तर टाकीतल्या वाफा इनटेकमध्ये सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. रात्रभर उभी राहून सकाळी एकच सिलिंडर अर्धा मिनिट चुकत असेल तर गळका इंजेक्टर पाहावा. आणि त्याबरोबर कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. थेट इंजेक्शनच्या गाडीत सकाळचे मिसिंग एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर फिरत असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीची पाळी. ती अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून काढतात. टाकीत ओतायच्या बाटलीतले औषध तिथवर पोचतच नाही, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही.

खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटर

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारा वारा असतो. याची पहिली झळ वायरिंगच्या पिनांना आणि अर्थिंगला बसते. इंजिनाची अर्थ वायर गंजली की कॉइलला पूर्ण वीज मिळत नाही आणि इंजेक्टरचा हिशेबही चुकतो. लक्षण मात्र नेमके मिसिंगचे. कॉइलच्या रबरी बुटात ओल शिरली की प्लगच्या चिनीमातीवरून ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते आणि मागे काळी रेघ सोडते. अशी रेघ दिसली की प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात, कारण जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगला पुन्हा तीच वाट दाखवते.

पुण्या-मुंबईची गाडी दोन दिवसांसाठी आली तर खाऱ्या हवेचा दोष लगेच देऊ नये. गंज दोन दिवसांत चढत नाही. बॉनेटमध्ये उघडा एअर फिल्टर लावलेली गाडी मात्र पावसात भिजून त्याच दिवशी कुरकुर करू शकते. आणि घाटातून येऊन एसीसह उभी राहिलेली गाडी इंटरकूलरवर वारा नसल्यामुळे तापलेली हवा पीत असते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर वारंवार भार टाकतो. सीमेवर असलेले आयडलिंग अशा वेळी सीमा ओलांडते. आरे-वाऱ्याच्या माथ्यावर पहिल्यांदा जाणवणारे मिसिंग बहुतेक वेळा घरून सोबत आलेले असते.

मॅप : दुरुस्ती की झाकण?

‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ ही मॅपच्या पायऱ्यांची नावे कोणत्याही प्रमाण संस्थेने ठरवलेली नाहीत. एकाची स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज वनएवढीही असू शकते. चांगला मॅप बदललेल्या इंजेक्टरची, सेन्सरची, फ्लायव्हीलची दखल घेतो. हलके फ्लायव्हील किंवा जास्त ओव्हरलॅपचा कॅम असेल तर आयडलिंग साडेसातशेवरून साडेआठशे-नऊशेवर नेणे ही प्रामाणिक दुरुस्ती आहे. पण मिसिंग ओळखण्याची मर्यादाच ढिली करून किंवा कोड बंद करून दिवा विझवणे ही दुरुस्ती नव्हे. हलक्या फ्लायव्हीलच्या खोट्या कोडसाठी मर्यादा बदलणे आणि खऱ्या मिसिंगवर पांघरूण घालणे, दोन्ही कामे सॉफ्टवेअरमध्ये सारखीच दिसतात. फरक फक्त आधी तपासणी झाली की नाही याचा असतो.

कायदाही इथे आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन मनाने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. याचा निदानावर एक आडवळणी परिणाम होतो. मालक अधिकृत वर्कशॉपमध्ये बदल लपवतो आणि फिटर कंपनीच्या पुस्तकातली मापे धरून वेगळ्याच गाडीची तपासणी करत बसतो.

तपासणीचा क्रम

जगभरच्या अनुभवी ट्यूनरचा आणि जुन्या फिटरचा क्रम बराचसा सारखा आहे. आधी इतिहास : काय काय बदलले, आणि मिसिंग कोणत्या बदलानंतर सुरू झाले? मग परिस्थिती : थंड इंजिनात की गरम, एसीने की त्याशिवाय, पावसानंतर की टाकी भरल्यानंतर? त्यानंतर स्कॅनर. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद वाचून घ्यायची, कारण पुसल्यावर ती जाते. अनेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरचे मिसिंग मोजणारे आकडे असतात. फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस, इतरांसाठी ओबीडीचा मोड सहा ते दाखवतो.

खरी किल्ली फ्युएल ट्रिमची. संगणक मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, हे ते सांगते. आयडलिंगला अधिक १५ आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ३ असेल तर हवेची गळती. आयडलिंगला ठीक आणि भाराला वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर. आयडलिंगला उणे असेल तर गळका इंजेक्टर किंवा पर्ज व्हॉल्व्ह. दोन्हीकडे शून्याजवळ असेल तर मिश्रण बाजूला ठेवून ठिणगी आणि कंप्रेशनकडे वळायचे. कॉइलची अदलाबदल, मग धूर, आणि सगळ्यात शेवटी कंप्रेशन. सिलिंडरांमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचे. थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

स्कॅनर नसलेल्या ठिकाणी एक स्वस्त साधन बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : पीयूसी केंद्र. तिथले यंत्र आयडलिंगलाच धूर तपासते. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवे. हायड्रोकार्बन जास्त आणि मोनॉक्साइड कमी असेल तर ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण पातळ आहे. दोन्ही जास्त असतील तर मिश्रण गडद. कन्व्हर्टर शाबूत असेल तर आकडे थोडे झाकले जातात, तरी दिशा कळते.

यातून काहीच निघाले नाही तर उरतो तो उपाय कंटाळवाणा, पण हमखास. कंपनीचा मॅप, कंपनीचे प्लग, कंपनीचा व्हॉल्व्ह परत लावायचा, आयडलिंग सुधारले का पाहायचे आणि मग एकेक बदल पुन्हा चढवत जायचे. त्यासाठी जुने भाग फेकून दिलेले नसावेत. आणि गाडीत एक कागद असावा : प्लगचा क्रमांक आणि गॅप, इंजेक्टरची क्षमता, मॅप कोणी व कधी टाकला, कोणता व्हॉल्व्ह, कोणता डाउनपाइप, आणि मिसिंग नसताना आयडलिंगला ट्रिमचे आकडे काय होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ती गाडी पहिल्यांदाच पाहणाऱ्या फिटरला या कागदावरून पहिल्या दहा मिनिटांत कळते की तपासणी हवेपासून सुरू करायची की प्लगपासून.